त्या गाडीचा नंबर वाचा

मॅडमचा पाय सहलीच्या दुसऱ्याच दिवशी ठणकायला लागला. गोल्फमुळे नव्हे, शेजारच्या सीटवरून ब्रेक दाबून. त्यांच्या ड्रायव्हिंग स्कूलच्या दोन्ही गाड्यांना शिकवणाऱ्याच्या पायाशी एक जादा ब्रेक होता, आणि त्याच्याच जिवावर त्यांनी अर्ध्या गावाला गाडी शिकवली होती. नवऱ्याच्या गाडीत त्या जागी नुसती रबरी मॅट होती. मॅडम दर वळणाला ती मॅट जीव खाऊन दाबत होत्या.

आणि या रस्त्यावर वळणांशिवाय दुसरं होतं काय! एका अंगाला काळा कातळ, दुसऱ्या अंगाला गुडघ्याएवढा दगडी कठडा, आणि कठड्याखाली एकदम समुद्र. लाटा खडकांवर अशा आपटत होत्या की काच बंद असतानाही आवाज आत येत होता.

"अहो, मधली रेघ तुमची नाहीये."

"मग कुणाची आहे?"

"कुणाचीच नाही. म्हणून तर तिला मधली म्हणतात."

"तू जरा समुद्र बघ ना," चष्मेवाले म्हणाले. "एवढे लांब आलोय ते रेघा बघायला का?"

त्यांना सगळं गाव चष्मेवाले म्हणायचं, आणि तिला मॅडम. तिने गाडी शिकवली आणि यांनी चष्मे लावले, त्यामुळे गावात जो कुणी नीट रस्त्याने चालायचा तो या दोघांच्या उपकारावर, असं त्यांचा जावई चेष्टेने म्हणायचा. घरात मात्र लग्नापासून एक नियम होता. शाळेची गाडी मॅडमची, घरची गाडी चष्मेवाल्यांची, आणि घरच्या गाडीत शेरेबाजी बंद. नव्या नवलाईच्या दिवसांत मॅडमनी एकदा त्यांच्या गाडी मागे घेण्यावर एक वाक्य टाकलं होतं. त्यावर जो अबोला झाला, तो सासूबाईंना मध्ये पडून मिटवावा लागला. तेव्हापासून मॅडम परक्यांवर ओरडत आणि घरच्याला सोसत. या रस्त्यावर मात्र ते सोसणं जमत नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी चष्मेवाल्यांनी दुकान एकाएकी लेकीच्या हवाली केलं. "मशीनसमोर बसून मान आखडली," म्हणाले. मग त्यांना गोल्फचं वेड लागलं. हिरवळीवर लांब नजर टाकली की डोळ्यांना विसावा मिळतो, असं ते सगळ्यांना सांगत. मॅडमही शिकल्या, नाहीतर सगळे रविवार भिंतींशी बोलत काढावे लागले असते. त्या शिकवायच्या तशाच खेळायच्या. बॉल जवळच जायचा, पण सरळ जायचा. चष्मेवाल्यांचा बॉल लांब जायचा. कुठे जायचा, हा वेगळा प्रश्न.

ही सहल त्यांनीच आखली होती. स्वतःची गाडी, किनाऱ्याचा रस्ता, आणि वाटेत लागतील ती गोल्फची मैदानं. पहिल्या मैदानावर त्यांनी पहिलाच बॉल टोलवला आणि कमरेवर हात ठेवून विचारलं, "कुठे गेला?"

"तुम्ही मारला की मी?"

"सांग तर."

"डावीकडे. त्या झुडपात."

"झुडपं इतकी वाढूच कशी देतात हे लोक?"

दर फटक्यानंतर तेच. कुठे गेला? मॅडमना वाटलं, साहेबांना फटका मारून झाल्यावर ऐटीत उभं राहायचंय आणि बॉल शोधायला बायको आहेच. दुपारपर्यंत खिशातले सगळे बॉल गवताने, वाऱ्याने आणि एका समुद्रपक्ष्याने गिळले होते. हे चष्मेवाल्यांचं म्हणणं. मैदानाच्या ऑफिसातल्या बाईंशी त्यांनी गवताच्या उंचीवरून हुज्जत घातली. बाईंनी शांतपणे सांगितलं की गवत आजच सकाळी कापलंय. तेव्हा मॅडम स्टिकांची ट्रॉली ओढत पुढे निघून गेल्या. ओळख न दाखवलेली बरी.

दुसऱ्या दिवशी उन्हं कलताना त्यांना मुक्कामाचं हॉटेल गाठायचं होतं. सूर्य समोरून येत होता. चष्मेवाले डोळे किलकिले करून, स्टिअरिंगला जवळजवळ नाक लावून चालवत होते. हॉटेलची पाटी दाराएवढी होती. मॅडमनी ती लांबूनच वाचली आणि म्हणाल्या, "इथे वळा." ते पाटीला मागे टाकून पुढच्या फाट्याला वळले. तो फाटा उतरत उतरत बंदरात गेला. पुढे डांबर संपून ओला सिमेंटचा उतार लागला, आणि चष्मेवाले त्यावरूनही खाली निघाले.

"अहो, पाणी! पाणी आहे समोर!"

गाडी थांबली तेव्हा बॉनेटवर कुणीतरी थापा मारत होतं. जाळं गोळा करणारा एक कोळी आडवा आला होता. त्याच्या मागे चार पावलांवर लाट येऊन फुटली.

"साहेब, हा बोटी उतरवायचा उतार आहे," तो म्हणाला. "तुमची बोट आहे का ही?"

"इथे पाटी नको का लावायला?" चष्मेवाले काच खाली करून म्हणाले.

कोळ्याने बाजूच्या खांबाकडे पाहिलं. तिथे लाल अक्षरांत पाटी होतीच. त्याने मग मॅडमकडे पाहिलं. शिकाऊ मुलाची आई जशी खिडकीतून मॅडमकडे बघायची, अगदी तसं. मॅडमना इतकी शरम वाटली की त्या हॉटेलपर्यंत एक अक्षर बोलल्या नाहीत.

हॉटेलची खोली अरुंद होती. दोन पलंग, मध्ये टेबल, त्यावर किटली आणि दोन कप. खिडकी नीट लागत नव्हती, वाऱ्याने फटीतून शिट्टी वाजत होती. चष्मेवाल्यांनी तह करायला म्हणून चहा करायला घेतला. किटलीतलं उकळतं पाणी कपाच्या शेजारी, थेट टेबलावर ओतलं.

"अहो! लक्ष कुठे आहे तुमचं?"

"दमलोय गं," ते म्हणाले आणि टॉवेलने टेबल पुसू लागले. पाणी दुसऱ्या कडेने खाली ठिबकत होतं, तिकडे टॉवेल गेलाच नाही.

मॅडमनी टॉवेल हिसकावून घेतला. माणूस म्हातारपणी हट्टी होतो हे त्यांना ठाऊक होतं, पण इतका गबाळा? ज्याने आयुष्यभर काचेला बोटाचा ठसा लागू दिला नाही, तो? त्यांना चीड इतकी आली होती की पुढचा विचार करायला डोक्यात जागाच उरली नव्हती.

तिसऱ्या दिवशीचं मैदान समुद्रात घुसलेल्या एका सुळक्यावर होतं. तिथला एक होल, म्हणजे खेळातला एक टप्पा, बघायला म्हणे लोक लांबून येतात. अलीकडच्या कड्यावर उभं राहून बॉल मारायचा, मध्ये खाली खळाळणारी खाडी, आणि पलीकडच्या कड्यावर ती बारीक कापलेली हिरवळ, तिच्यात झेंडा. हिरवळीच्या उजवीकडून फिरायला येणाऱ्यांची पायवाट जाते.

मॅडमनी आधी मारला. बॉल जेमतेम पलीकडे पोचला, पण पोचला. त्या खूश होऊन ट्रॉलीपाशी आल्या आणि पाण्याची बाटली उघडू लागल्या. चष्मेवाल्यांनी बॉल ठेवला, पाय रोवले, लांबवर पाहिलं.

"झेंडा छान दिसतोय," ते म्हणाले. "लाल भडक."

मॅडमनी बाटलीचं झाकण फिरवता फिरवता मान वर केली. त्या मैदानावर सगळे झेंडे पिवळे होते. पिवळा झेंडा डावीकडे, हिरवळीवर फडफडत होता. उजवीकडे, पायवाटेवर, लाल रेनकोट घातलेली एक बाई समुद्र बघत उभी होती. आणि चष्मेवाल्यांचे खांदे सरळ तिच्याकडे वळलेले होते.

"अरे थांब!"

लग्न झाल्यापासून मॅडमनी नवऱ्याला अरे म्हटलं नव्हतं. पण स्टिक तोवर खाली आली होती. आवाज झाला, बॉल गेला. मॅडमच्या तोंडून किंकाळी निघाली ती खाडीपार ऐकू गेली असावी, कारण त्या बाईने वळून पाहिलं, एक पाऊल मागे घेतलं, आणि बॉल ती होती तिथे दगडावर आपटून उंच उडाला आणि कड्याखाली दिसेनासा झाला.

"कुठे गेला?" चष्मेवाल्यांनी विचारलं.

मॅडम खालीच बसल्या.

ती बाई खाडीला वळसा घालून आली. वाटेत तिचा राग ओसरला असता तर बरं झालं असतं, पण चढावर चालून तो आणखी तापला होता.

"मी तुम्हाला दिसले नाही?" तिने विचारलं.

"वारा फार आहे," चष्मेवाले म्हणाले. "बॉल भरकटला."

"भरकटला कुठे? सरळ माझ्यावर आला. तुम्ही माझ्याकडे बघून मारलात, मी बघत होते!"

चष्मेवाले तिच्याकडे तोंड करून उभे होते. म्हणजे तसं वाटत होतं. मॅडमनी पहिल्यांदा नीट पाहिलं, तर ते तिच्या खांद्याच्या बाजूला, नुसत्या लाल रंगाशी बोलत होते. आवाजावरून त्यांना एवढंच कळलं असावं, की हा झेंडा नव्हता. त्यांचा चेहरा पांढराफटक पडत गेला.

"माफ करा," मॅडम उठून म्हणाल्या. "चूक पूर्णपणे आमची आहे. आम्ही खेळ इथेच थांबवतोय. तुम्हाला कुठे सोडू का?"

"तुमच्या गाडीतून?" ती बाई म्हणाली. "नको. मी चालतच बरी."

दोघं पार्किंगकडे निघाले. चष्मेवाले पुढे चालत होते, पायाखाली बघत, ठेच लागेल असं पाऊल टाकत. हे चालणं कधीपासून असं झालंय, याचा मॅडम हिशोब करत होत्या आणि तो लागत नव्हता. पार्किंगच्या फाटकाशी त्यांनी पाय रोवले.

"थांबा. इथेच."

"आता काय?"

मॅडमच्या शाळेत नवीन विद्यार्थी आला की त्याला गाडीत बसायच्या आधी एक परीक्षा द्यावी लागायची. समोरच्या रांगेतल्या गाडीचा नंबर वाचायचा. ज्याला वाचता येत नसे त्याला मॅडम किल्लीला हात लावू देत नसत. त्याला आधी नवऱ्याच्या दुकानात पाठवत.

"त्या गाडीचा नंबर वाचा," मॅडम म्हणाल्या.

"मी काय तुझा विद्यार्थी आहे?"

"वाचा."

चष्मेवाल्यांनी समोरच्या चंदेरी गाडीकडे बघून आपल्या गाडीचा नंबर घडाघडा म्हणून दाखवला.

"झालं समाधान?"

"ती आपली गाडी नाही," मॅडम म्हणाल्या. "आपली गाडी तुमच्या पाठीमागे आहे."

चष्मेवाल्यांनी वळूनही बघितलं नाही. फाटकाच्या खांबाला हात टेकून उभे राहिले.

"मोतीबिंदू?" मॅडमनी विचारलं.

"दोन्ही."

"कधीपासून माहीत आहे?"

"डावा आधीपासून होता. उजवा नंतर धरला." मग म्हणाले, "दुकान का सोडलं असेन मी? दोन गिऱ्हाइकांच्या काचा उलट्या बसवल्या. मशीनवरचे आकडे दिसेनात."

"आणि लायसन्स? मागच्या वर्षी तर नवीन करून आणलंत! तिथे डोळे तपासत नाहीत का?"

"तिथे अक्षरांचा तक्ता आहे." त्यांनी नजर वळवली. "दुकानात होता तोच. मला पाठ आहे."

मॅडमना हसावं की यांच्या डोक्यात ट्रॉली घालावी हे कळेना. गावातल्या सगळ्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना या माणसाने हात धरून डोळ्यांच्या डॉक्टरकडे पाठवलं होतं. काउंटरवर कोपर टेकून हेच सांगायचे, अहो काका, घाबरता काय, चहा निवेपर्यंत ऑपरेशन होतं!

"मग तुम्ही का नाही गेलात?"

"भीती वाटली," चष्मेवाले म्हणाले.

"कशाची?"

"डोळ्याला हात लावणार गं कुणीतरी. जागेपणी." त्यांचा आवाज लहान मुलासारखा झाला होता. "दुसऱ्याला सांगायला काय जातं?"

"त्या बाईला लागलं असतं तर? आपण त्या उतारावरून पाण्यात गेलो असतो तर? मी शेजारी बसले होते! मला मारणार होतात का?"

"तुला सांगितलं असतं तर गाडी काढून घेतली असतीस."

"घेतलीच असती!"

"म्हणून तर." ते खांबावरचा रंग नखाने खरवडू लागले. "आणि ही सहल राहिली असती. मला वाटलं, बाकी काही नाही तरी समुद्र मोठा आहे. तो तरी दिसेल."

"दिसला का?"

"निळं दिसतं. पांढरं हलतं मधून मधून."

मॅडमनी हात पुढे केला. तो तसाच धरून ठेवला. चष्मेवाल्यांनी खिसा चाचपला, दुसरा चाचपला, आणि किल्ली त्यांच्या तळहातावर ठेवली.

गाडी सुरू झाली तेव्हा मॅडमना वाटलं होतं की आता तरी शांतता लाभेल. कुठली? पहिल्याच चढाला शेजारून आवाज आला, "गिअर बदल."

"तुम्हाला चढ दिसतोय?"

"ऐकू येतंय ना. इंजिन रडतंय."

"इंजिन नाही, मी रडतेय."

रस्ता जिथे थोडा रुंद झाला तिथे त्यांनी गाडी बाजूला घेतली आणि लेकीला फोन लावला. स्पीकरवर टाकला, म्हणजे नंतर कुणी काही नाकारायला नको.

"तुझ्या बाबांना मोतीबिंदू आहे," मॅडम म्हणाल्या.

"हो," लेक म्हणाली.

"हो म्हणजे?"

"आई, बाबा म्हणाले होते तुला सांगितलंय. आणि तू म्हणालीस, सहल झाल्यावर ऑपरेशन करू. आणि गाडी तूच चालवणार आहेस. म्हणून तर मी गप्प बसले."

मॅडमनी शेजारी पाहिलं. चष्मेवाले खिडकीतून त्या निळ्याकडे फार मन लावून बघत होते.

"मी असं काहीही म्हटलं नव्हतं."

लेक मग म्हणाली, "बाबांना फोन दे."

"ऐकतोय मी," चष्मेवाले पुटपुटले.

पुढे लेक जे बोलली ते बापाला बोलायचं नसतं. पण मॅडमनी तिला एकदाही अडवलं नाही. शेवटी लेकीने डॉक्टरांची वेळ घेते म्हणून सांगितलं आणि फोन ठेवला. डॉक्टर चष्मेवाल्यांचेच जुने मित्र. त्यांच्याकडे यांनी इतकी माणसं पाठवली होती, की स्वतः हा माणूस का येत नाही याचं त्यांना म्हणे कोडंच पडलं होतं.

"घरी जायचं?" चष्मेवाल्यांनी विचारलं.

मॅडमनाही तेच करावंसं वाटत होतं. पण वाटेत एक मैदान राहिलं होतं आणि परतीचा रस्ता तिथूनच जाणार होता. शिवाय दोन दिवस यांचे बॉल शोधण्यात त्यांचा स्वतःचा खेळ झालाच नव्हता.

"मी खेळणार आहे," त्या म्हणाल्या. "तुम्ही ट्रॉली ओढायची. स्टिकला हात लावायचा नाही."

चौथ्या दिवशी सकाळी ते तिथे पोचले. वारा पडला होता आणि मैदानावर फारसं कुणी नव्हतं. चष्मेवाले ट्रॉली घेऊन मॅडमच्या मागे एक पाऊल ठेवून चालले. पहिल्या होलला त्यांनी खांद्यांबद्दल सूचना दिली. दुसऱ्याला मनगटाबद्दल. तिसऱ्याला ते "तुझं डोकं" एवढंच म्हणाले, तेव्हा मॅडमनी स्टिक जमिनीवर आपटली.

"आणखी एक शब्द बोललात तर तुम्हाला इथे सोडून जाईन. आणि तुम्हाला फाटक सापडायचं नाही."

ते खरंच गप्प झाले. घाबरून झाले की रुसून, हे मॅडमनी विचारलं नाही. पुढचे तीन-चार होल त्या हळूहळू, आपल्या चालीने खेळल्या. मग एका उतारावर त्यांनी बॉल मारला तेव्हा हाताला काही धक्का असा जाणवलाच नाही. त्या वळून ट्रॉलीकडे यायला निघाल्या.

"हा छान लागला," चष्मेवाले म्हणाले.

"तुम्हाला काय दिसलं?"

"काही नाही. आवाज आला. बाकीच्यांचा टक्क होतो, याचा टॉक झाला. मधोमध लागला की तसा होतो." मग जरा घाबरतच, "बोललो, चालेल ना?"

मॅडमनी मागे वळून पाहिलं. बॉल लांबवर, अगदी झेंड्याच्या वाटेवर पडला होता. इतका लांब त्यांचा बॉल कधीच गेला नव्हता.

"चालेल," त्या म्हणाल्या. "झेंड्यापाशी गेलाय. त्याच्या थोडा अलीकडे, उजवीकडे जमीन उंच आहे आणि डावीकडे वाळूचा खड्डा. बॉल दोन्हीच्या मधे आहे. आणि त्या पलीकडे समुद्र आहे. आज शांत आहे. दोन बोटी आहेत, एक पांढरी, एक हिरवी. हिरवीचं शीड उतरवलेलं आहे."

चष्मेवाले मान कलती करून ऐकत होते. "आणि खडक?"

"आहेत ना. काळे. पाणी ओसरलंय, त्यामुळे खालचे शेवाळलेले दिसतायत."

बॉलपर्यंत चालत जाईतो त्या सांगत राहिल्या, आणि ते मध्येच विचारत राहिले. एक खळगा आला तेव्हा मॅडमनी त्यांचा दंड धरला तो मग सोडला नाही.

घरी आल्यावर आधी डावा डोळा झाला, मग उजवा. ऑपरेशनच्या खोलीत जाताना चष्मेवाल्यांनी मॅडमचा हात इतका आवळला की अंगठी रुतली. बाहेर आले तेव्हा म्हणाले, "काहीच नसतं गं!" जणू मॅडमच घाबरल्या होत्या. पट्टी निघाल्यावर सगळ्या भिंती त्यांना नव्याने रंगवल्यासारख्या वाटल्या आणि घरातली सगळी जळमटं दिसली.

आता ते आठवड्यातून दोनदा दुकानात जाऊन काउंटरच्या कोपऱ्यात बसतात आणि मोतीबिंदू टाळणाऱ्या म्हाताऱ्यांना गाठतात. चहा निवेपर्यंत होतं, असं आता सांगत नाहीत. "मला फार भीती वाटली होती," असं सांगतात, आणि मग संपूर्ण ऑपरेशन सुरुवातीपासून सांगतात. चष्मा घ्यायला आलेलं गिऱ्हाईक ताटकळतं. लेक आईला फोन करते, आई, बाबांना घेऊन जा. मॅडम शिकवणी अर्धी सोडून जातात आणि त्यांना उचलून आणतात.

परवा असंच आणलं, तर जेवताना चष्मेवाले म्हणाले, "पुढच्या वर्षी पुन्हा त्याच किनाऱ्याने जाऊ."

"का? त्याच का? जगात दुसरे किनारे नाहीत?"

"मी कुठे बघितलाय तो?"

मॅडमनी घास खाली ठेवला.

"जाऊ," त्या म्हणाल्या. "पण सगळा वेळ गाडी मी चालवणार. तुम्ही नुसतं बघायचं."

"सगळा वेळ?"

"सगळा."

"बरं." ते दोन घास जेवले. "फक्त चढावर गिअर जरा लवकर..."

मॅडम ताट उचलून स्वयंपाकघरात निघून गेल्या.